शनिवारी उलटं टांगलेलं चित्र

पोलंडमधल्या कित्येक घरांत आणि दुकानांत आजही एक चित्र दिसतं. पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी, समोर मेज, मेजावर नाण्यांची चळत आणि त्यातलं एकेक नाणं चिमटीत धरून मोजत बसलेला म्हातारा. तो ज्यू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. चित्र लावायचं ते दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला, म्हणजे घरात पैसा टिकतो. कुणी नवं घर घेतलं की भेट म्हणूनही देतात. काही घरांत शनिवारी ते उलटं टांगतात. शनिवार हा ज्यूंच्या शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस. आठवडाभर म्हाताऱ्याने जमवलेला पैसा त्या दिवशी त्याच्या खिशातून घरात सांडावा, अशी कल्पना.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा, खरं सांगायचं तर, मला हसू आलं. आपण दारावर गणपती लावतो, तिजोरीत लक्ष्मीचा फोटो ठेवतो, त्यातलाच हा प्रकार वाटला. मग आकडे आठवले. १९३९ मध्ये पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. ज्या क्राको शहरात असल्या चित्रांचा आणि बाहुल्यांचा बाजार भरतो, तिथून नाझींच्या मृत्युछावणीचं ऑश्विट्झ सत्तरेक किलोमीटरवर आहे. चित्र लावायची ही पद्धत फार जुनीही नाही. ती फोफावली १९८९ नंतर, म्हणजे शेजारी खराखुरा ज्यू जवळजवळ उरलाच नाही त्यानंतर. माणूस गेला आणि नाण्यांसकट त्याची तसबीर भिंतीवर आली.

ही तसबीर लावणाऱ्या बाईला तुम्ही ज्यूद्वेष्टी म्हणालात तर तिला मनापासून वाईट वाटेल. तिने ती शुभ म्हणून लावली आहे. मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. द्वेषाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाषणं, कायदे आणि छावण्या येतात. त्यांच्या तळाशी एक थर असतो, घरात वापरायच्या, हाताळायच्या, हसतहसत भेट द्यायच्या वस्तूंचा. माझ्या मते मुरलेलं विष तिथे जास्त होतं. या वस्तूंचं आज काय करायचं, हा वाद युरोपात सुरू आहे. तो कायम चर्चच्या भिंतीपाशी अडकतो आणि दिवाणखान्यापर्यंत पोहोचतच नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी हा चेहरा आला कुठून ते पाहू. ख्रिस्ती युरोपातल्या जुन्या चित्रांत ज्यू माणसाला वेगळं नाक नव्हतं. येशू, त्याचे शिष्य आणि त्याचे विरोधक एकाच चेहरेपट्टीचे असत, आणि ते साहजिकच होतं, कारण सगळे ज्यूच होते. मग चित्रात ज्यू ओळखू यावा म्हणून त्याला टोकदार टोपी आली. सुरुवातीला ती निव्वळ खूण होती. १३००च्या सुमारास दक्षिण जर्मनीत ज्यूंनी स्वतःसाठी केलेल्या एका सचित्र पोथीत माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत आणि त्या डोक्यांवर हीच टोपी आहे. स्वतःची टोपी म्हणूनच त्यांनी ती रेखाटली. मात्र १२१५च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, ज्यूंनी इतरांहून वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असं ठरवलं, आणि साध्या खुणेचा डाग व्हायला वेळ लागला नाही.

नाक त्याच सुमाराला आलं. त्याचा एक फार बोलका पुरावा लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात आहे. १२३३ सालची, इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यातली जमेची गुंडाळी. वरच्या कडेला कुणा कारकुनाने चित्र काढलंय. मधोमध नॉरिचचा आयझॅक, त्या काळचा बडा ज्यू सावकार, तीन तोंडांचा आणि डोक्यावर मुकुट असलेला. खाली एक ज्यू पुरुष आणि एक ज्यू बाई, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला सैतान त्यांच्या नाकांना बोट लावून दाखवतोय. पुरुषाचं नाक बाकदार, डोक्यावर टोपी. हे चित्र कुणा चित्रकाराने काढलेलं नाही, कुणी ते काढायला सांगितलेलंही नाही. हिशेबाच्या वहीच्या कोपऱ्यात कंटाळलेल्या कारकुनाने काढावं तसलं हे चित्र आहे. ही थट्टा १२३३ मध्येच इतकी सरावाची झाली होती की सरकारी कागदावर काढताना कारकुनाचा हात थबकला नाही. ५७ वर्षांनी, १२९० मध्ये, इंग्लंडने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं.

कागदावरचं चित्र पुढे धातूत उतरलं. १६९४ मध्ये जर्मनीत धान्य महाग झालं. गोथा इथल्या ख्रिस्तियान वेर्मुट या पदककाराने त्यावर एक पदक पाडलं. पाठीवर धान्याचं पोतं घेतलेला माणूस, पोत्यावर बसून ते उघडणारा सैतान, आणि अक्षरं ‘धान्य-ज्यू’. मागच्या बाजूला धान्याचं माप आणि बायबलमधलं वचन: धान्य दाबून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, विकणाऱ्याला आशीर्वाद मिळतो. वचनात ज्यू कुठेच नाही. साठेबाज ख्रिस्ती व्यापाऱ्यालाही लोक ‘धान्य-ज्यू’ म्हणत. म्हणजे राग खरा होता, भूकही खरी होती, फक्त तिला दाखवायला एक तयार चेहरा हाताशी होता. पदकं चालली, पुढच्या वर्षीही पाडली गेली, आणि पुढच्या शतकात दुष्काळ पडला तेव्हा लोकांना पुन्हा तीच आठवली.

१८व्या शतकात चिनी माती आली. इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात गळ्यात पेटी अडकवलेल्या ज्यू फेरीवाल्याच्या बाहुल्या होत असत. आपल्याकडच्या बोहारणींसारखे जुन्या कपड्यांचा धंदा करणारे ज्यू लंडनमध्ये पुष्कळ होते. त्यांच्या सगळ्याच बाहुल्या दुष्ट नाहीत हे मान्य करायला हवं. काही निव्वळ रस्त्यावरच्या माणसांच्या आहेत, मासेवालीच्या असतात तशाच. ज्यू दिसला की द्वेष दिसला असं म्हणणारा अभ्यासक आळशी. पण त्याच चिनी मातीची दुसरीही गोष्ट आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७६९ मध्ये हुकूम काढला की ज्यूंना परवाने हवे असतील तर त्यांनी बर्लिनच्या राजकारखान्याची चिनी माती विकत घ्यावी आणि परदेशात खपवावी. न खपणारा माल ज्यूंच्या गळ्यात मारायचा, असा हा व्यवहार. तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनला लग्नात चिनी मातीची वीस माकडं घ्यावी लागली, अशी दंतकथा यावरून निघाली. त्याचं लग्न १७६२चं, हुकूम १७६९चा, तेव्हा गोष्ट खरी असणं कठीण. तरी ती टिकली, कारण बाकीचा अपमान खरा होता.

१९व्या शतकात यंत्रं आली, वस्तू स्वस्त झाल्या, आणि हा चेहरा घराघरांत शिरला. पाइप, तंबाखूचे डबे, राखदाण्या, बाहुल्या, पोस्टकार्डं. मला सगळ्यात भयंकर वाटते ती फिरायला जायची काठी. काठीला बाकदार मूठ लागते. कोरणाऱ्याला वाटलं, बाकदार काय असतं बरं? ज्यूचं नाक! मुठीच्या जागी ज्यूचं डोकं कोरायचं आणि नाक एवढं लांब करायचं की त्यावर पंजा टेकवता यावा. कारागीर हुशारच म्हणायचा. आता ही काठी घेऊन निघालेला सभ्य गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. रोज संध्याकाळी तो एका माणसाचं नाक मुठीत आवळून बागेत फेरी मारतो. त्याला कुणाबद्दल राग नाही. कदाचित त्याचा डॉक्टर ज्यू असेल, डॉक्टर भेटला तर तो टोपी काढून नमस्कारही करेल. पण त्याच्या हाताला सवय झाली आहे. चर्चवरचं शिल्प बघायला मान वर करावी लागते, धर्मगुरूचं प्रवचन ऐकायला जागं राहावं लागतं. काठी वापरायला काहीच करावं लागत नाही.

पोस्टकार्डांचं तसंच. १८९०च्या दशकात फ्रँकफर्टच्या एका हॉटेलाची पोस्टकार्डं निघाली होती, ‘शहरातलं एकमेव ज्यूमुक्त हॉटेल’ अशी जाहिरात करणारी. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावर पर्यटक ज्यूंना हिणवणारं गाणं म्हणत आणि ते गाणं छापलेली पोस्टकार्डं घरी पाठवत. हिटलर तेव्हा शाळकरी पोर होता.

मग १९३०च्या दशकात ड्रेसडेनच्या एका कंपनीने खेळ काढला, नाव ‘ज्यू, चालते व्हा!’ फासे टाकायचे, शहरातल्या ज्यूंच्या दुकानांपाशी जायचं आणि ज्यूंना गोळा करून तटाबाहेर न्यायचं. सहा बाहेर काढले की जिंकलात. सोंगट्या टोकदार टोपीच्या आकाराच्या. लॅटरन परिषदेपासून निघालेली टोपी सातशे वर्षांनी पोरांच्या हातात खेळणं म्हणून आली. गंमत अशी की हा खेळ खुद्द एसएस या नाझी दलाच्या मुखपत्राला रुचला नाही. आपलं गंभीर राजकारण बाजारू करून टाकलं म्हणून त्यांनी त्यावर टीका केली. त्या बिचाऱ्या संपादकांना एवढं कळलं नाही की त्यांचं राजकारण असल्याच खेळण्यांवर वाढलं होतं. लंडनच्या वीनर होलोकॉस्ट ग्रंथालयात हा पट जपून ठेवलेला आहे.

आता आजच्या वादाकडे येतो. जर्मनीतलं विटेनबर्ग हे प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याचं गाव. तो जिथे प्रवचनं देई त्या गावच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर, चारेक मीटर उंचीवर, १२९०च्या सुमाराचं एक शिल्प आहे. एक डुकरीण, तिचं दूध पिणारे टोपीवाले ज्यू, आणि शेपूट उचलून तिच्या मागे डोकावणारा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. डुक्कर ज्यूंना निषिद्ध, म्हणून डुकरीण. ल्यूथरने १५४३च्या एका पुस्तिकेत या शिल्पाचं चवीने वर्णन केलं, आणि १५७० मध्ये त्यावर ज्यूंच्या ईश्वरनामाची टिंगल करणारी अक्षरं कोरली गेली. जर्मन भाषक मुलखात अशी शिल्पं अजून तीसेक आहेत, रेगेन्सबुर्गला आहे, कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये लाकडात कोरलेलं आहे. १९८८ मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, विटेनबर्गच्या शिल्पाखाली जमिनीवर एक स्मृतिफलक बसवला गेला. त्याचा मजकूर कवितेसारखा आहे आणि साध्या वाटसरूला त्यातून फारसा बोध होत नाही.

एका ज्यू नागरिकाने हे शिल्प काढावं म्हणून दावा लावला. तो खालच्या दोन न्यायालयांत हरला. १४ जून २०२२ला कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही दावा फेटाळला. न्यायालयाने शिल्पाला निर्दोष ठरवलं नाही. सुनावणीत तर न्यायमूर्तींनी त्याला ‘दगडात कोरलेला ज्यूद्वेष’ म्हटलं. मात्र फलक आणि माहितीची पाटी बसवल्यामुळे हे लज्जेचं चिन्ह आता इशाऱ्याचं चिन्ह झालं आहे, असा त्यांचा निष्कर्ष. महिन्याभराने तज्ज्ञांच्या समितीने शिल्प उतरवून जवळच मांडावं असा सल्ला दिला. ऑक्टोबरमध्ये चर्चच्या मंडळाने तो नाकारला. शिल्प भिंतीवर आहे.

त्याच जूनमध्ये, निकालानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा कासेल शहरातल्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात तारिंग पाडी या इंडोनेशियन गटाने २००२ मध्ये केलेलं प्रचंड पडदाचित्र उभारलं गेलं. विषय इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो याच्या राजवटीचे अत्याचार. गर्दीत एक सुळेवाला, कानाशी बटा असलेला, टोपीवर एसएस लिहिलेला माणूस, आणि डुकराच्या तोंडाचा, डेव्हिडचा तारा हे ज्यूंचं चिन्ह मिरवणारा सैनिक. ओरड झाली. चित्रावर काळं कापड टाकलं, आणि २१ जूनला ते उतरवलं. कलाकारांनी माफी मागितली.

एकाच महिन्यात दोन डुकरं. दगडातलं राहिलं, कापडावरचं गेलं. दगडातलं म्हणे वारसा, कापडावरचं गुन्हा. मला यात न्याय दिसत नाही, फक्त वयाचा मान दिसतो. उलट, जावाच्या कलाकारांपर्यंत हा चेहरा पोहोचला तोच युरोपच्या भिंतींवरून, छापखान्यांतून, खेळण्यांतून. ज्या मुलखात ज्यू शोधून सापडणार नाहीत तिथल्या चित्रकारालाही जुलमाचं तोंड काढताना तेच नाक सुचतं, हा त्या कारखान्यांचा विजय आहे.

न्यायालयाचा युक्तिवाद मला पटत नाही तो याच कारणासाठी. वस्तू जोवर आपल्या मूळ जागी आहे तोवर ती आपलं मूळ काम करत असते. चर्चच्या भिंतीवरचं शिल्प चर्चचं मत सांगण्यासाठी घडवलं. त्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते. खाली जमिनीवर तुम्ही किती का पाट्या लावा, वरचा दगड अजून नोकरीवर आहे. काठीला चिठ्ठी बांधून कुणी तीच काठी वापरत राहिला तर आपण मानू का? म्हणून शिल्प उतरवा, शेजारच्या संग्रहालयात लोकांच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, त्याच्याबद्दल हवं तेवढं लिहा. फोडू मात्र नका. फोडल्याने फक्त गुन्हेगाराची सोय होते. जर्मनीतल्याच काल्बे गावात असंच एक शिल्प डागडुजीसाठी खाली आलं. मंडळींना ते परत चढवायचं नव्हतं, पण वारसा खात्याचा आग्रह पडला, तेव्हा त्यांनी ते चढवलं आणि वर कापड टाकलं. हा उपाय विनोदी आहे खरा, पण विटेनबर्गपेक्षा प्रामाणिक.

लहान वस्तूंचा प्रश्न जास्त अवघड. त्यांच्या विक्रीवर बंदी घाला असं म्हणणं सोपं आहे. पण या वस्तू चिकाटीने विकत कुणी घेतल्या? आर्थर लांगरमान, १९४२ मध्ये अँटवर्पमध्ये जन्मलेला. १९४४ मध्ये आईवडिलांना ऑश्विट्झला नेलं, वडील परतले नाहीत. नाझी अधिकारी आइकमन याच्यावरच्या खटल्यानंतर त्याने ज्यूद्वेषी चित्रं, पोस्टकार्डं, वस्तू जमवायला सुरुवात केली. हजारोंचा तो संग्रह आज बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अभ्यासासाठी ठेवलेला आहे. बेल्जियममधल्याच फिंकेलश्टाइनच्या संग्रहातल्या असल्या शोभेच्या वस्तूंचं प्रदर्शन ऑस्ट्रियातल्या होएनेम्सच्या ज्यू संग्रहालयाने २००५ मध्ये भरवलं. ज्यांचा चेहरा विकला जात होता त्यांनीच पैसे मोजून तो परत घेतला. बाजार बंद असता तर हा पुरावा कुणाच्या तरी माळ्यावर सडला असता किंवा शौकिनाच्या कपाटात शिरला असता. त्यामुळे मी बंदीच्या बाजूचा नाही, संग्रहालयांनी भरपूर खरेदी करावी या मताचा आहे. आणि त्यांनी एकेक नग मखमलीवर काचेत ठेवू नये, तशाने त्याची कलाकृती होते. शंभर काठ्या एकत्र ठेवाव्यात, दुकानात असतात तशा, किमतीच्या चिठ्ठ्यांसह. तेव्हा कळेल ही किती सर्रास चालणारी गोष्ट होती.

इथे मराठी वाचक म्हणेल, हे सगळं युरोपचं, आपला काय संबंध? शनिवारचा संबंध आहे. पोलंडमध्ये ज्या शनिवारी चित्र उलटं होतं, त्याच शनिवारवरून कोकणातल्या बेने इस्राएल लोकांना नाव पडलं, शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले म्हणतात, आणि पुढे पेणकर, किहीमकर, नवगावकर झाले. मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. जातीच्या उतरंडीत त्यांना एक खण मिळाला, तोही फार वरचा नव्हे, पण त्यांच्या नाकाकडे कुणी पाहिलं नाही. पुण्यात बगदादी ज्यू डेव्हिड ससूनने बांधलेल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, लोकांनी लाल देऊळ म्हणून टाकलं. यात आपलं मोठेपण फारसं नाही. येशूला ज्यूंनी मारलं ही गोष्ट इथे कुणी शिकवलेली नव्हती, आणि सावकारी इथे दुसऱ्यांकडे होती. त्या दुसऱ्यांची आपण काय चित्रं काढली, तो वेगळा लेख.

जिथे ती गोष्ट शिकवणारे आले, तिथे याच किनाऱ्यावर काय झालं तेही पाहा. मुंबई बेट ज्याच्याकडे पोर्तुगीज राजाकडून खंडाने होतं तो वैद्य गार्सिया द ओर्ता, बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. गोव्यात १५६०ला धर्मन्यायालय बसलं. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जिवंत जाळलं. तो स्वतः तोवर मेला होता, म्हणून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

आणि आज? शाळेतल्या कडक मास्तरांना आपण ‘अगदी हिटलर’ म्हणतो, त्यात थोडं कौतुकही असतं. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं उपाहारगृह निघालं होतं. मुंबईच्या ज्यूंनी विरोध केल्यावर नाव बदललं. मालकाला ज्यूंबद्दल काही राग असेल असं मला वाटत नाही. पोलंडमधल्या त्या बाईलाही नाही.

क्राकोत ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एमाउस नावाची जत्रा भरते. तिथे लाकडी ज्यू बाहुल्या फार पूर्वीपासून विकल्या जातात, स्प्रिंगवर डोलणाऱ्या, प्रार्थना म्हणणाऱ्या, सारंगीसारखं वाद्य वाजवणाऱ्या. २०१३ मध्ये तिथल्या लोकजीवन संग्रहालयाने या बाहुल्यांचं प्रदर्शन भरवलं, आणि २०२१ मध्ये शहराच्या सांस्कृतिक अधिकाऱ्यांनी नाणेवाल्या बाहुल्या ज्यूद्वेषी असल्याचं सांगून त्यांची विक्री थांबवायचं ठरवलं. जुन्या बाहुल्यांच्या हातात पुस्तक असे. नव्यांच्या हातात एक ग्रॉशचं खरंखुरं नाणं असतं, चलनातलं.